सात रुपये किलोमीटर

मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. त्यानंतर चारच दिवसांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी एक हिशेब सांगितला. अहमदाबादेत रिक्षाने एक किलोमीटर जायचे तर दहा रुपये पडतात. आपले यान मात्र पासष्ट कोटी किलोमीटर गेले ते किलोमीटरला सात रुपये दराने! हा हिशेब त्या सभेपुरता राहिला नाही. तो वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आला, वक्तृत्व स्पर्धांतल्या भाषणांत आला, आणि शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत रंगीत तक्त्यांवरही आम्ही तो पाहिला आहे. आजही अंतराळ मोहिमांचा विषय निघाला की कोणीतरी तो सांगतोच.

भागाकार बरोबर आहे, हे आधी मान्य करू. खर्च ४५० कोटी रुपये, अंतर ६५ कोटी किलोमीटर. ४५० भागिले ६५ म्हणजे ६.९२. पाचवीतला मुलगाही यात चूक काढू शकणार नाही. अडचण आहे ती हीच. चुकीचा भागाकार शिक्षकाला लाल शाईने दुरुस्त करता येतो. पण ज्या भागाकाराला अर्थच नाही त्याचे उत्तर बरोबर आले, तर काय करायचे? मुलाला पूर्ण गुण मिळतात आणि गैरसमज पक्का होतो.

रिक्षाचे भाडे अंतरावर का ठरते, याचा विचार करून पाहा. रिक्षा सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालली असली, तरी तिचे इंजिन सतत काम करीत असते, कारण चाकांचे रस्त्याशी होणारे घर्षण आणि समोरच्या हवेचा विरोध तिला सतत थांबवू पाहत असतात. अंतर दुप्पट झाले की इंधनही साधारण दुप्पट लागते. म्हणून मीटर किलोमीटर मोजतो, आणि ते योग्यच आहे. (रिक्षावाल्यांचा या सगळ्यात काही दोष नाही.)

आता यानाकडे वळू. मंगळयानाचे उड्डाणाच्या वेळचे वजन १३३७ किलो होते, आणि त्यातील ८५२ किलो निव्वळ इंधन होते. हे इंधन कोठे खर्च झाले? काही भाग पृथ्वीभोवतीची कक्षा टप्प्याटप्प्याने लांबवण्यात गेला. ३० नोव्हेंबर २०१३ च्या मध्यरात्रीनंतर इंजिन सुमारे २२ मिनिटे चालवून यानाला पृथ्वीच्या पकडीतून सोडवण्यात आले. मग शेवटी २४ सप्टेंबरला ते सुमारे २३ मिनिटे चालवून यानाचा वेग सेकंदाला जवळजवळ १.१ किलोमीटरने कमी केला. तसे केले नसते, तर ते मंगळाजवळून सरळ पुढे निघून गेले असते. या दोन प्रसंगांच्या मध्ये जे जवळजवळ तीनशे दिवस गेले, त्यांत मार्गाच्या किरकोळ दुरुस्तीसाठी व इंजिनाच्या चाचणीसाठी मोजके काही सेकंदच इंधन जळले. बाकी सारा प्रवास फुकट. न्यूटनचा पहिला नियम आपण नववीच्या वर्गात शिकवतो आणि 'घर्षण नसेल तर' असे म्हणून सोडून देतो. तो नियम येथे अक्षरशः कोट्यवधी किलोमीटर पाळला गेला. अवकाशात किंमत मोजावी लागते ती वेगातील बदलाची. अंतराला तेथे भाडे नाही.

बरे, ते ६५ कोटी किलोमीटर तरी कोणाच्या सापेक्ष? यान मंगळावर पोचले त्या दिवशी पृथ्वी आणि मंगळ यांच्यातील सरळ अंतर सुमारे २२ कोटी किलोमीटर होते. रेडिओ संदेशाला एका बाजूने साडेबारा मिनिटे लागत होती ती यामुळेच. या अंतराने भागले, तर दर वीस रुपयांवर जातो आणि अहमदाबादची रिक्षा स्वस्त ठरते. ६५ कोटी हा आकडा यानाने सूर्याभोवती जो लांबलचक कमानीसारखा मार्ग कापला त्याचा आहे. पण सूर्याच्या सापेक्षच मोजायचे ठरले, तर आणखी एक गंमत दिसते. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते. १ डिसेंबर ते २४ सप्टेंबर या २९७ दिवसांत तिने सुमारे ७६ कोटी किलोमीटर अंतर कापले. म्हणजे जे यान 'इतक्या दूर' गेले, त्याच्यापेक्षा जास्त प्रवास तेवढ्याच दिवसांत आपण सर्वांनी केला, अंथरुणात झोपून, आणि तोही बिनातिकिटाचा! पृथ्वी सोडताना यानाचा सूर्यसापेक्ष वेग सेकंदाला ३२ ते ३३ किलोमीटर होता. त्यातले जवळजवळ तीस किलोमीटर हे पृथ्वीने दिलेले आंदण होते. इस्रोच्या शास्त्रज्ञांचे कौतुक करायचे, तर उरलेल्या दोन-तीन किलोमीटरचे करायला हवे, कारण तेच अवघड होते.

ते किती अवघड होते, हे सात रुपयांच्या हिशेबात कोठेच दिसत नाही. त्या वेळी जीएसएलव्ही या मोठ्या प्रक्षेपकाचा भरवसा नव्हता. २०१० साली त्याची दोन उड्डाणे लागोपाठ फसली होती. म्हणून खात्रीचा, पण कमी ताकदीचा पीएसएलव्ही निवडावा लागला. त्याला यान थेट मंगळाकडे फेकता येत नव्हते, म्हणून ते पृथ्वीभोवती जवळजवळ महिनाभर फिरवत, दर फेरीत थोडा थोडा वेग वाढवत न्यावे लागले. मुख्य इंजिन तीनशे दिवस बंद राहून पुन्हा पेटेल की नाही, हा प्रश्न तर शेवटपर्यंत होताच. मंजुरीपासून उड्डाणापर्यंत हाताशी जेमतेम पंधरा महिने होते. खरे सांगायचे, तर यातला प्रत्येक मुद्दा वर्गात सात रुपयांपेक्षा अधिक रंगला असता.

या स्वस्ताईच्या कौतुकाला जुळा भाऊ आहे. ३० जून २०१४ रोजी श्रीहरिकोटा येथे पंतप्रधानांनीच, ही मोहीम 'ग्रॅव्हिटी' या हॉलिवुडच्या चित्रपटापेक्षा कमी खर्चात झाल्याचे ऐकले आहे, असे म्हटले होते. चित्रपटाचा खर्च सुमारे दहा कोटी डॉलर, यानाचा साडेसात कोटी. आकडे बरोबर. पण या दोन वस्तूंत 'अंतराळ' या शब्दाशिवाय सामाईक काय आहे? चित्रपट तिकिटे विकण्यासाठी काढतात. २०२३ साली ६१५ कोटी रुपयांचे चांद्रयान–३ चंद्रावर उतरले, तेव्हाही हॉलिवुडच्या चित्रपटांशी तुलना झालीच. फक्त चित्रपटाचे नाव बदलले.

दुसऱ्या बाजूचे मत असे की, ज्या देशात कोट्यवधी लोकांना शौचालय नाही त्याने मंगळावर जाण्याची चैन करू नये. हे मत देशात होते आणि परदेशातही होते. सप्टेंबर २०१४ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्सने, अंतराळातील बड्यांच्या क्लबाचे दार ठोठावणारा गायवाला भारतीय शेतकरी, असे व्यंगचित्र छापले आणि नंतर दिलगिरीही व्यक्त केली. या मताला उत्तर म्हणून लोक पुन्हा भागाकाराकडेच धावले: ४५० कोटी भागिले सव्वाशे कोटी लोकसंख्या, म्हणजे माणशी साडेतीन रुपये, एका कटिंग चहाहूनही कमी. आम्हीही एक हिशेब जोडू शकतो. २०१३–१४ च्या अर्थसंकल्पात अन्नधान्यावरील अनुदान ९० हजार कोटी होते. मंगळयानाचा सगळा खर्च म्हणजे त्याचे जेमतेम दोन दिवस. मंगळयान रद्द करून गरिबी हटली नसती, एवढे यावरून दिसते. पण ते पाठवण्याजोगे होते, हे मात्र सिद्ध होत नाही. साडेतीन रुपयांची वस्तूही निरुपयोगी असू शकते, आणि तीनशे रुपयांची वस्तू घेण्यासारखी असू शकते.

आम्हाला खटकते ते हे की, टाळ्या वाजवणारे आणि नाके मुरडणारे, दोघेही यानाच्या किमतीविषयीच बोलत राहिले. यानाने काय पाहिले, हे कोणी विचारलेच नाही.

विचारले असते, तर उत्तर असे मिळाले असते. यानावर पाच उपकरणे होती आणि त्या पाचांचे मिळून वजन सुमारे १५ किलो होते, म्हणजे शाळकरी मुलाच्या दोन-तीन दप्तरांएवढे. त्याच्या दोनच दिवस आधी अमेरिकेचे 'मेव्हन' हे यान मंगळाभोवती पोचले होते. त्यावरील उपकरणे सुमारे ६५ किलोची होती आणि मोहिमेचा खर्च सुमारे ६७ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने ४१०० कोटी रुपयांच्या आसपास होता. 'अमेरिकेच्या नवव्या भागात' हे वाक्य त्या दिवसांत सर्वतोमुखी झाले होते. पण खर्चाला उपकरणांच्या वजनाने भागले, तर आपला दर किलोला ३० कोटी आणि त्यांचा ६३ कोटी येतो. नऊपटीचा फरक दुपटीवर आला! हेही माप परिपूर्ण नव्हे, कारण उपकरणे काही भाजीसारखी तराजूवर विकत घ्यायची नसतात. पण किलोमीटरपेक्षा ते कामाच्या जवळचे आहे. उरलेल्या दुपटीचे श्रेय मात्र निखालस आपल्या लोकांचे. चांद्रयान–१ साठी तयार केलेल्या सांगाड्याचा आणि ब्यालालूच्या ३२ मीटर अँटेनाचा पुन्हा उपयोग, आपल्याकडचे कमी पगार, ही सगळी त्यामागची कारणे आहेत. (शेवटच्या कारणाचा अभिमान बाळगावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.) नासाच्या दूरसंपर्क जाळ्याचीही मदत झाली होती, हेही नोंदवायला हवे.

वजनाची मर्यादा विज्ञानालाही भोवली. इंधन बेताचे असल्याने यानाला मंगळाभोवती जवळची गोल कक्षा गाठता आली नाही. त्याची कक्षा सुमारे ४२० किलोमीटरपासून ७७ हजार किलोमीटरपर्यंत लांबट राहिली, आणि त्यामुळे बराच वेळ ते मंगळापासून दूर असे. दूर असल्याचा एक लाभ मात्र मिळाला: मंगळाच्या पूर्ण गोलाची सुंदर छायाचित्रे आणि डिमॉस या उपग्रहाच्या सहसा न दिसणाऱ्या बाजूचे दर्शन. एका उपकरणाने विरळ वातावरणातील आरगॉनच्या अपेक्षेपेक्षा 'गरम' अणूंची नोंद केली. पण ज्याची सर्वाधिक चर्चा झाली, ते मिथेन शोधण्याचे उपकरण आपल्या कामात अपुरे ठरले. मिथेनच्या शोषणरेषा इतर वायूंच्या रेषांपासून निर्विवादपणे वेगळ्या काढण्याची सोय त्याच्या रचनेत नव्हती, असे अमेरिकी तज्ज्ञांनी २०१६ च्या सुमारास सांगितले. मग त्याच उपकरणाने मंगळाच्या पृष्ठभागाच्या परावर्तनाचा नकाशा काढण्यात आला. तिकडे मेव्हनने सौरवाऱ्यामुळे मंगळाचे वातावरण सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम या वेगाने अवकाशात निसटत असल्याचे मोजले.

पहिल्या मोहिमेकडून यापेक्षा जास्त मागणे योग्य नाही, असे कोणी म्हणेल. ते आम्हाला मान्य आहे. मंगळयान हे मुळात तंत्रज्ञानाची परीक्षा म्हणूनच आखले होते, आणि त्या परीक्षेत ते अव्वल आले. 'पहिल्याच प्रयत्नात' हा अभिमानही खोटा नाही, मात्र युरोपीय संस्थेचे यानही २००३ साली पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत गेले होते, हे शेजारी लिहावे. पण स्वस्त असणे हाच गुण ठरला, म्हणजे उद्या जास्त उपकरणे मागणारा शास्त्रज्ञ उधळ्या ठरतो. मिथेनच्या उपकरणाला आणखी वर्षभर चाचण्या हव्या होत्या, असे म्हणणाऱ्याला सात रुपयांचा तक्ता दाखवला जातो. २०२०–२१ साली भारताचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. एवढ्या तुटपुंज्या रकमेत काम करणाऱ्या देशाने काटकसरीचे इतके पोवाडे गावेत, यात आम्हाला तरी योगायोग दिसत नाही. श्रेयाचे राजकारण मात्र जोरात झाले: मोहीम १५ ऑगस्ट २०१२ रोजी मनमोहन सिंग यांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केली, यान पोचले ते मोदींच्या काळात, आणि दोन्ही पक्षांनी आपापली तारीख धरून ठेवली. उपकरणांच्या यादीवर संसदेबाहेर किंवा आत फारसे कोणी भांडले नाही.

शिक्षकांनी हा हिशेब वर्गात जरूर घ्यावा. दर सात रुपये, वीस रुपये की आणखी काही, हे अंतर कोठून मोजले यावर कसे बदलते, ते मुलांकडून काढून घ्यावे. पृथ्वीने कापलेले ७६ कोटी किलोमीटर त्यांनाच मोजू द्यावेत. त्यासाठी वेग, दिवस आणि एक गुणाकार पुरतो.

एक भाग गृहपाठाला देता येईल. सहा महिन्यांसाठी पाठवलेले मंगळयान सात वर्षांहून अधिक काळ टिकले. एप्रिल २०२२ मध्ये लांबलेल्या ग्रहणकाळानंतर त्याचा संपर्क तुटला, आणि ऑक्टोबरमध्ये इस्रोने ते परत मिळणार नाही असे जाहीर केले. तोवर मंगळाच्या सोबत सूर्याभोवती सेकंदाला २४ किलोमीटर वेगाने फिरताना त्याने आणखी सुमारे ५७० कोटी किलोमीटर कापले होते. जुन्याच रीतीने, तेच ४५० कोटी रुपये धरून भागाकार केला, तर दर किलोमीटरला सत्तर पैशांवर येतो. बंद पडलेले यानही मंगळाभोवती फिरतच असणार, म्हणजे दर अजून उतरतोच आहे.