पेटीतली बालवाडी

विरारहून सुटलेली डहाणू लोकल ज्या पट्ट्यात पोचते, तिथे एकेकाळी लहान मुलांच्या शिक्षणसाधनांचा मोठा धाडसी प्रयोग झाला. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात भरू लागली आणि गुराख्यांसाठी कुरणात. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर पसरला. शब्दाबरोबर साधने घडवण्याची ती दृष्टीही गेली असती, तर आज त्याच पालघर जिल्ह्यातल्या वसई-विरारमध्ये बालवाडी म्हणजे दुकानातून आणलेली पेटी आणि भिंतीवरचे तक्ते, अशी अवस्था झाली नसती. साधनांचा तुटवडा हे आजचे दुखणे नव्हे. साधन कोणी, कशासाठी आणि कुठल्या मुलासाठी घडवले, हा प्रश्नच आपण विचारेनासे झालो आहोत.

कोसबाडचा प्रयोग बहुतेकदा ‘महाग लाकडी साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने वापरली’ एवढ्यावर आटोपला जातो. त्यातली खरी कारागिरी त्यामुळे झाकली जाते. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीत मुरलेल्या होत्या. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला तो या दोघांच्या पुढाकाराने. माँटेसरीचा गुलाबी मनोरा पाहा. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा ठोकळे, रंग तोच, लाकूड तेच, आकार तोच. बदलते ते फक्त मोठेपण. मुलाच्या बोटांना एकाच गुणाशी झटावे लागते. माँटेसरीच्याच दट्ट्यांच्या पेटीत एखादा दट्ट्या चुकीच्या भोकात गेला, तर शेवटी एक उरतो आणि उरलेल्या भोकात बसत नाही. चूक बाईंनी सांगावी लागत नाही, लाकूडच सांगते. आता टोपलीत वेगवेगळे शिंपले भरून ‘लहान-मोठे लावा’ म्हटले, तर मूल रंगाने लावेल, चकाकीने लावेल किंवा आवडीने लावेल. तोही खेळ चांगलाच, पण ते मोठेपणाचे साधन झाले नाही. त्यासाठी एकाच जातीचे शिंपले निवडावे लागतात, दोन शेजाऱ्यांतला फरक डोळ्याला दिसेल एवढा ठेवावा लागतो आणि चूक आपोआप उघडी पडेल अशी सोय करावी लागते. स्थानिक वस्तू स्वस्त असते, स्थानिक साधन मात्र फुकट होत नाही. ते घडवणाऱ्याचे डोके आणि वेळ मागते.

हे निसटले की उरतो तक्ता. अननसाचा ‘अ’ आणि ईडलिंबाचा ‘ई’ आपण पिढ्यानपिढ्या टांगत आलो. ईडलिंबू किती मुलांनी हातात धरले असेल? हा तक्ता ‘ई’साठी चित्र शोधतो, मुलाच्या जगात त्याला ते सापडत नाही, म्हणून तो छापखान्याच्या सवयीकडे वळतो. वसई-विरारमध्ये तक्ता आणि मुलाचे जग यांतली ही फट अधिक रुंद आहे. इथल्या घरांत कादोडी, वाडवळी, कोळी, वारली बोली चालतात, नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीत भोजपुरी आणि गुजरातीही. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याने घरची भाषा आणि परिसरातल्या वस्तू यांचा आग्रह धरला, आणि तो रास्तच आहे. मात्र त्याच आराखड्याच्या पोटी फेब्रुवारी 2023 मध्ये ‘जादुई पिटारा’ ही पेटी आली. बाहुल्या, कोडी, चित्रकार्डे, गोष्टी असा तिच्यातला ऐवज वाईट मुळीच नाही. पण दिल्लीत ठरलेली पेटी नमुना म्हणून आली तर उपयोगाची. कपाटाच्या वरच्या फळीवर जपून ठेवायची वस्तू म्हणून आली, की स्वतः काही घडवण्याची उरलीसुरली जबाबदारीही संपते.

यावर पहिला आक्षेप अंगणवाडी सेविकेच्या बाजूने येतो आणि तो खोडून काढण्याजोगा नाही. पोषण आहार, वजने, लसीकरण, गृहभेटी आणि पोषण ट्रॅकरवरच्या नोंदी एवढे सगळे मानधनावर करणाऱ्या बाईने संध्याकाळी शिंपले निवडत बसावे, असे म्हणणारा तिची थट्टाच करतो. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून तयार पेटी द्या’ हा नव्हे. साधन घडवणे हे तिच्या कामाच्या तासांतले काम मानावे आणि ते एकटीवर टाकू नये, हा आहे. याच जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळे येथील ‘क्वेस्ट’ ही संस्था सेविकांना हाताशी धरून गोष्ट, चित्र आणि गप्पा यांतून भाषा शिकवण्याचे काम करते. तिथे पेटीपेक्षा पेटी वापरणारी बाई महत्त्वाची मानली जाते.

दुसरा आक्षेप पालकांचा. तळमजल्यावरच्या गाळ्यातल्या नर्सरीत फी भरणाऱ्या आईला शिंपल्यांत रस नाही. तिला वहीत ‘ए’ ते ‘झेड’ हवे. तिची भीती खोटी नाही, पहिलीत आपले मूल मागे पडेल असे तिला वाटते. शिक्षणहक्क कायदा मुख्यतः सहा ते चौदा वयाचा, पूर्वप्राथमिकसाठी कलम 11 मध्ये शासनाला सोय करता येईल असे मोघम वाक्य, त्यामुळे या गाळ्यांत काय चालावे हे बाजार ठरवतो. पण पेन्सिल धरायला बोटे आधी तयार व्हावी लागतात, आणि ती मणी ओवून, डाळी निवडून, झाकणे फिरवून होतात. हे पालकसभेत व्याख्यान देऊन पटत नाही. आईच्या हातात वस्तू देऊन, मुलासमोर बसवून पटू शकते.

‘शहरात शिंपले कुठून आणायचे?’ असेही विचारले जाते. वसईत हा प्रश्न जरा गमतीचाच वाटतो. अर्नाळ्याला किनारा आहे, काठ्यांवर वाळणारे बोंबील आहेत, पानमळ्यांतली विड्याची पाने गड्ड्यांत मोजली जातात, राजेळी केळ्याची सुकेळी होते. ओले केळे आणि सुकेळे शेजारी ठेवले, की रंग, वजन, वास, चव, चिकटपणा असे पाच धडे एका ताटात मिळतात. आणि ज्यांच्या घरापासून किनारा आणि वाडी दोन्ही दूर, त्या नालासोपाऱ्याच्या बालवाडीला आठ रिकाम्या काडेपेट्या पुरतात. दोनांत तांदूळ, दोनांत वाल, दोनांत खडे, दोन रिकाम्या. मुलाने हलवून, कानाशी धरून जोड्या लावायच्या. तळाला रंगाचे ठिपके, म्हणजे उलटून पाहिले की चूक कळते. पेट्या मात्र चारी बाजूंनी पक्क्या चिकटवायच्या, कारण तीन वर्षांचे मूल वाल नाकात घालते.