दर्जा, करमणूक आणि आपली मुले

मुलांनी काय वाचावे हा प्रश्न आपल्याकडे शिक्षक आणि पालक यांच्यावर सोपवला जातो. समीक्षेला त्याचे सोयरसुतक नसते. वास्तविक माणसाची अभिरुची घडायला लागते ती त्याच्या दहाव्या-बाराव्या वर्षी. कोणते जग मोठे, कोणते क्षुद्र, हे त्याच वयात पुस्तक त्याच्या मनावर कोरत असते. म्हणून हा प्रश्न वाङ्मयीन आहे, आणि आपल्यापुरता तो सामाजिकही आहे.

वसमतसारख्या गावात त्याला वेगळीच धार येते. 1948 पर्यंत निजामी राजवटीत, 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यात आणि त्यानंतर हिंगोलीत असलेले हे तालुक्याचे गाव हळदीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. हळद काढायला, शिजवायला, ऊस तोडायला जाणाऱ्या माणसांच्या घरात पुस्तक येऊन फार तर दोन-तीन पिढ्या झाल्या. त्या घरातल्या मुलाच्या हाती एखादी चित्रकथा दिसली की दोन्हीकडून ओरड होते. शिक्षक म्हणतात, दर्जेदार वाच. कार्यकर्ता म्हणतो, आपले वाच. तुला काय वाचावेसे वाटते, हे मात्र त्याला कोणी विचारत नाही.

प्रथम या दर्जाचा विचार करू. मराठी मुलांसाठी दर्जेदार म्हणून सर्वांच्या तोंडी येणारे पहिले नाव 'श्यामची आई' (1935). साने गुरुजींच्या कळकळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून 1947 साली त्यांनी उपोषण केले. पण त्याच पुस्तकात एक प्रसंग आहे. एका वृद्ध महार स्त्रीची लाकडाची मोळी खाली पडते. आई श्यामला ती उचलून द्यायला सांगते, आणि घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. सवर्ण मुलाला हा प्रसंग करुणेचा धडा देतो, कारण तो श्यामच्या जागी उभा असतो. आमचे मूल कोठे उभे राहील? ते त्या म्हातारीजवळ उभे राहते. श्याम आंघोळीला निघून गेल्यावर मोळी घेऊन चालू लागलेल्या त्या बाईचे पुढे काय झाले, हा त्याचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर पुस्तकात नाही. हे पुस्तक मुलांना देऊ नये असे मी म्हणत नाही. पण ते देताना आंघोळीचा प्रश्न मुलाशी बोलला गेला पाहिजे. तो टाळून नुसते डोळे पुसायला लावणे म्हणजे संस्कार नव्हे.

मग हलके वाचन निर्दोष आहे काय? तसेही नाही. 1952 पासून मराठीत निघणारा आणि आता बंद पडलेला 'चांदोबा' राजे, ब्राह्मण, सावकार आणि यक्ष यांच्या जगातच रमला. 1967 साली सुरू झालेल्या अमर चित्रकथांत देव गोरे आणि असुर काळे रंगवले गेले. बाबासाहेबांवरचा अंक यायला 1979 साल उजाडावे लागले. तरीही याच चांदोबात राजाच्या खांद्यावरचा वेताळ प्रत्येक गोष्टीच्या शेवटी प्रश्न विचारी, आणि मूल राजाच्या आधी उत्तर शोधू लागे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून पुण्यात आलेला पोरगा आहे. शहरातल्या पोरांपुढे तो दबत नाही, हे मुलाला आवडते. करमणुकीने मुलाच्या डोळ्यांना ओळीमागून ओळ पळण्याची सवय लागते. ज्या घरात वाचनाचा वारसा नाही तेथे ही सवय म्हणजे चैन नव्हे. तिच्याविना पुढचे कोणतेही जड पुस्तक उघडत नाही.

या संदर्भात बाबासाहेबांच्या बालपणाकडे पाहावे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी 1956 साली लिहिलेल्या, पण त्यासोबत न छापलेल्या प्रस्तावनेत ते सांगतात की वडील रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. त्या काळचे दर्जेदार वाङ्मय ते हेच. शूद्रांची अवहेलना सांगणारे हे ग्रंथ आम्ही का वाचावेत, असा सवाल भीमरावांनी केला. न्यूनगंड जावा म्हणून, असे उत्तर रामजींनी दिले आणि द्रोण-कर्णाचे दाखले दिले. मुलाचे समाधान झाले नाही. त्याने त्या नायकांचेच दोष दाखवले, तेव्हा वडील गप्प राहिले. त्यांनी मुलाला दटावले नाही. शाळेच्या पुस्तकांखेरीजचे वाचन रामजींना फारसे रुचत नसे, तरी मुलींचे दागिने गहाण टाकून त्यांनी भीमरावांना पुस्तके आणून दिली. पुढे कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी परीक्षेतल्या यशानिमित्त स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि एक वेगळी वाट खुली झाली. वडिलांची निवड, मुलाचा नकार आणि बागेत वाचत बसलेल्या मुलाला हेरणारा एक ग्रंथप्रेमी गृहस्थ, या तिन्हींतून तो वाचक घडला. यांतले एक जरी वगळले असते तरी ते घडणे अपुरे राहिले असते.

आता आपल्याच घराकडे वळू. दलित साहित्याने मराठी वाङ्मयाला हादरा दिला, पण मुलांसाठी त्याने फार थोडे लिहिले. दहा वर्षांच्या मुलाला आपण आत्मकथने देतो, आणि त्याने ती खाली ठेवली की त्याला जाणीव नाही असे म्हणतो. भूक, अपमान आणि अत्याचार यांचीच पाने ज्याच्या वाट्याला येतात, त्या मुलाला आपले साहित्य म्हणजे शिक्षा वाटू लागली तर दोष कोणाचा? अण्णाभाऊ साठ्यांनी हे ओळखले होते. 'फकिरा' (1959) त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, पण सांगितली मात्र थरारक गोष्टीच्या वेगाने. वाचकाला ओढून नेणे हा त्यांचा गुण होता. प्रस्थापित समीक्षेने त्याकडे नाक मुरडले, आणि आपणही त्यातून धडा घेतला नाही.

अमेरिकेत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी 1920 साली कृष्णवर्णीय मुलांसाठी 'ब्राउनीज बुक' हे मासिक काढले. त्यात थोरांची चरित्रे होती, तसेच परीकथा आणि खेळही होते. ते दोनच वर्षे चालले, पण लँग्स्टन ह्यूजच्या आरंभीच्या कविता त्यात छापल्या गेल्या. ज्या हैदराबाद राज्यात वसमत पूर्वी होते, त्याच हैदराबादच्या 'अन्वेषी' संस्थेने 2008 च्या सुमारास दलित आणि मुस्लिम घरांतल्या मुलांच्या गोष्टींची चित्रपुस्तके तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत आणली. मराठीला हे अशक्य आहे काय?

समतोल म्हणजे दोन दर्जेदार पुस्तकांमागे एक हलके, असा शिधावाटपाचा हिशेब नव्हे. फळीवर काय ठेवायचे हे मोठ्यांनी ठरवावे. तिथे चित्रकथा असावी, 'किशोर' असावा, 'फकिरा' असावी, बाबासाहेबांचे चरित्रही असावे. त्यातून काय उचलायचे, हे मुलाने ठरवावे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना पाणवठा निवडण्याचा अधिकार नव्हता, त्यांच्या नातवंडांना पुस्तक निवडू देणे ही लहान गोष्ट नाही. आणि मुलाने आपले पुस्तक फळीवरच ठेवून दुसरे उचलले, तर त्याच्यावर रागावण्यापूर्वी लेखकाने आपले पुस्तक पुन्हा एकदा वाचून पाहावे.