मैलभर नाणी

शिकागोच्या साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटरवर जे लिहिलं जातं, ते बहुतेक वेळा एका फोटोपासून सुरू होतं. ७ मे १९४१, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट समारंभाला आलेल्या आहेत. आम्हीही वर्गात वर्षानुवर्षं हे केंद्र राजाश्रयाचं उदाहरण म्हणून शिकवलं. आता ती मांडणी आम्हाला अर्धवट वाटते.

मंदीच्या काळात सरकारच्या फेडरल आर्ट प्रोजेक्टने देशभर शंभरावर कला केंद्रं सुरू केली. पगार आणि डागडुजी सरकारकडे, जागा मात्र स्थानिकांनी मिळवायची. आता स्थानिक कोण? ज्यांना शहरात इतरत्र घर मिळणं मुश्कील, असे कृष्णवर्णीय लोक. पैसा दोन वाटांनी आला. एक, सुखवस्तू मंडळींचा नृत्यसमारंभ. दुसरी, 'मैलभर डाइम' मोहीम. डाइम म्हणजे दहा सेंटचं नाणं. एकाला एक लावून मैलभर मांडायची, तर जवळपास नव्वद हजार लागतात! विशीतली चित्रकार मार्गारेट, पुढे मार्गारेट बरोज म्हणून नाव झालं, ती रस्त्यावर उभी राहून ही नाणी मागत होती. त्यातून साउथ मिशिगन अव्हेन्यूवरची एक जुनी हवेली विकत घेतली गेली. दारं उघडली डिसेंबर १९४० मध्ये, म्हणजे फोटोच्या पाच महिने आधी.

(त्या मे महिन्यातल्या समारंभात अलेन लॉकही बोलले. हार्वर्डचे तत्त्वज्ञानाचे डॉक्टर. आमच्या विषयाचा माणूस, म्हणून उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही.)

आत काय चाललं होतं? तळघरात गॉर्डन पार्क्स यांची डार्करूम. वर कवितेची कार्यशाळा, तिथे ग्वेन्डोलिन ब्रुक्स यायच्या. १९५० साली पुलित्झर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. पण पहिले संचालक पीटर पोलॅक, गोरे गृहस्थ. त्यांनी काम मनापासून केलं असेल, पण वस्तीच्या पैशाने घेतलेल्या घरात ही नेमणूक आम्हाला खटकते.

खरी परीक्षा युद्धात झाली. १९४३ मध्ये प्रोजेक्ट गुंडाळला गेला, पगार थांबले. देशभरातली बहुतेक केंद्रं बंद पडली. हे टिकलं, कारण घर त्यांच्या मालकीचं होतं. राजाश्रयाच्या मांडणीत याचं उत्तर सापडत नाही. अर्थात, नुसत्या नाण्यांनी सगळं भागलं असंही कुणी समजू नये. सुरुवातीचे पगार नसते तर ते वर्ग इतके भरले असते का, शंका आहे. पुढची वर्षं ओढाताणीचीच गेली.

आणि 'वस्ती' म्हणजे एकजीव काहीतरी, हेही खरं नाही. नृत्यसमारंभ करणारे आणि डाइम मागणारे यांच्यात कुरबुरी होत्याच. समिती एकाची, भिंती दुसऱ्याच्या, असं काहीसं. त्या लाकडी भिंती, शिकागोच्या न्यू बाउहाउसच्या मंडळींनी केलेल्या, अजून आहेत. दर प्रदर्शनाच्या खिळ्यांची भोकं तशीच आहेत. इतिहास लिहिणाऱ्यांनी फोटोइतकंच लक्ष त्या भोकांकडे द्यायला हवं होतं. कोणाची चित्रं किती वेळा टांगली गेली, हा प्रश्न तिथूनच विचारता येतो.

१९६१ मध्ये बरोज यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं संग्रहालय काढलं. कुठे? त्याच रस्त्यावर, पलीकडच्या बाजूला, स्वतःच्या राहत्या घरात.