दर्शनी मराठी

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यावरच्या कुठल्याही बऱ्या किराणा दुकानात शिरा. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कोकम आगळ असला घरगुती माल आज जितका देखण्या पाकिटात मिळतो, तितका पूर्वी कधी मिळत नव्हता. मॅट फिनिशचे उभे पाउच, झिप लॉक, जुळलेले रंग. पॅकेजिंगच्या धंद्यात असल्यामुळे या मेहनतीचे मोल मला कळते. पण ही पाकिटे हातात घेऊन उलटली की माझा उत्साह मावळतो. समोर ठसठशीत देवनागरीत नाव असते आणि मागे घटक, कृती, साठवण, मुदत हे सगळे मुंगीएवढ्या इंग्रजीत. भाजणी घ्यायला आलेल्या आजींना नाव वाचता येते, ती कधीपर्यंत चांगली राहील हे मात्र नातवाला विचारावे लागते.

समोरच्या बाजूलाही सगळे आलबेल नाही. ‘महाराष्ट्रीय’ दिसायचे म्हणजे काय, याची एक ठरलेली सामग्री तयार झाली आहे: नऊवारीतली आजी, पैठणीचा काठ, नथ आणि वारली आकृत्या. वारली चित्र हे डहाणू-तलासरीकडच्या आदिवासींच्या घरांच्या भिंतींवरचे, लग्नविधीशी बांधलेले. जिव्या सोमा म्हशे यांनी ते कागदावर आणून जगभर नेले, तेव्हा त्यांनी त्यात स्वतःची नजर घातली होती. पुणेरी गोड्या मसाल्याच्या पाकिटावर तीच माणसे फेर धरतात, तेव्हा कोणाचीच नजर त्यात नसते. प्रेरणा म्हणून आपण ज्याला मिरवतो, ते बरेचदा दुसऱ्याच्या पाकिटावरून उचललेले असते. मीही पिंटरेस्ट उघडूनच कामाला बसतो; दोष त्या खिडकीचा नाही, तिच्याबाहेर न बघण्याचा आहे.

बाहेर बघण्यासारखे पुष्कळ आहे, आणि तेही पुण्याजवळ. राजा रविवर्म्याचा 1894 साली मुंबईत निघालेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतल्यावर देवादिकांच्या चित्रांबरोबर तिथे जाहिरातींची आणि लेबलांची कामेही होऊ लागली. त्या काळी अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक चित्रावरून ‘छाप’ ओळखे, म्हणून चित्राला खरे काम होते. पुढे अक्षराचे दिवस आले. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी जाहिरात संस्थेत आणि पवईच्या आयआयटीत देवनागरीचा सखोल विचार केला; विंडोजमधला ‘मंगल’ टंकही त्यांच्याच हातचा. कमल शेडगे नाटकाचे नाव अशा वळणाने काढत, की जाहिरातीतून प्रयोगाचा सूर कळावा. अक्षराला स्वभाव असतो हे या दोघांनी दाखवून दिले होते. आज तो स्वभाव बहुतेक पाकिटांवर ‘बालू’ या एका टंकाकडे सोपवलेला दिसतो. ‘एक टाइप’ या टंकसंस्थेने तो उत्तम घडवला आहे आणि फुकट खुला ठेवला आहे. पण लोणच्यालाही बालू, लाडवालाही बालू आणि गोमूत्र अर्कालाही बालू, हे जरा फार होते.

पुण्याच्याच एलिफंट डिझाइनने ‘पेपर बोट’ या पेयांचे पाउच केले, तेव्हा आमच्या धंद्यात खळबळ उडाली होती. मऊ, हातात मावणारा आकार, सपाट रंग, आठवणींचा सूर. आमरस आणि कोकम इतक्या ऐटीत मांडणीवर आधी उभे राहिले नव्हते. ते काम अस्सल होते आणि त्याचे शहरी, इंग्रजी वाचणारे गिऱ्हाईक ठरलेले होते. नकलाकारांनी मात्र त्यातले गिऱ्हाईकही उचलले, आपले कोण आहे हे न पाहता.

सगळ्यात गंमत बचत गटांच्या मालाची. पाउचवर थेट छापायचे, तर ग्रॅव्हुअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळे सिलिंडर लागते आणि तो खर्च भरून निघायला मोठी ऑर्डर हवी. ती परवडत नाही म्हणून गटाच्या बायका साधी पारदर्शक पिशवी घेतात आणि डीटीपीवाल्याकडून स्टिकर काढतात. भीमथडी जत्रेत असे स्टिकर ढिगाने दिसतात. श्री-लिपी टंकांतली ठोकळेबाज अक्षरे, चार सावल्या, कोपऱ्यात गुलाब. रचनेच्या परीक्षेत नापासच. पण त्यांतल्या कित्येकांवर साहित्य मराठीत असते, कृती मराठीत असते, ‘हवाबंद डब्यात ठेवावे’ हेही मराठीत असते. गटाचा धंदा वाढला, की माल आमच्यासारख्यांकडे येतो. आम्ही गुलाब काढतो, सावल्या काढतो आणि त्याच झटक्यात मराठीही काढतो.

कायदा आम्हाला अडवत नाही. पाकिटावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत चालते. मराठी जोडायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. दुकानाच्या पाटीचे तसे नाही. दुकानांच्या कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानालाही मराठी पाटी लावावी लागते, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. म्हणजे दारावर मराठी, फळीवर इंग्रजी. पाकिटालाही दंडाची भीती घालावी, असे मी म्हणणार नाही. दंडाच्या धाकाने आलेली अक्षरे कशी दिसतात, हे बऱ्याच पाट्यांवर पाहून झाले आहे.

खर्चाची सबबही टिकत नाही, कारण इंग्रजी मजकुरासाठी काळ्याचे सिलिंडर कोरलेलेच असते. त्यावर आणखी चार ओळी कोरल्याने नवा रंग लागत नाही. जागेची अडचण खरी आहे. विमानतळ, लष्करी वसाहती आणि आयटीतले भाडेकरू यांमुळे विश्रांतवाडीच्या दुकानदाराला इंग्रजीही हवीच, आणि कायद्याने ठरवलेल्या उंचीची अक्षरे वापरून पन्नास ग्रॅमच्या पुडीवर दोन भाषा बसवणे कठीण. अर्ध्या किलोच्या भाजणीच्या पाउचवर मात्र मागे भरपूर जागा असते. ती सध्या आजीच्या हातच्या चवीची गोष्ट सांगण्यात जाते, इंग्रजीत.