‘अंधारे खंड’ : एक परीक्षण

ग्रंथ कोणी वाचीनासे झाले तरी त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहते, असे पुष्कळदा घडते. हेन्री मॉर्टन स्टॅन्ली याने १८७८ साली ‘थ्रू द डार्क कॉन्टिनेंट’ हा आपल्या आफ्रिकेतील प्रवासाचा वृत्तांत दोन भागांत प्रसिद्ध केला. १८९० साली त्याने ‘इन डार्केस्ट आफ्रिका’ हा दुसरा ग्रंथ लिहिला. आज हे जाडजूड भाग उघडणारे वाचक विरळाच. परंतु आफ्रिका म्हणजे ‘अंधारे खंड’ हे समीकरण सुशिक्षितांच्याही बोलण्यातून अद्यापि पुरते गेलेले नाही. हे विशेषण त्या भूमीस लागू पडते काय, आणि अंधार होता तर तो कोणाच्या डोळ्यांपुढे होता, एवढ्याच प्रश्नाच्या अनुरोधाने पहिल्या ग्रंथाचे परीक्षण आम्ही येथे करणार आहो.

प्रथम ग्रंथकाराचे देणे चुकते केले पाहिजे. १८७४ च्या अखेरीस पूर्व किनाऱ्यावरून निघालेला हा प्रवासी १८७७ च्या ऑगस्टात पश्चिम किनाऱ्याजवळ बोमा येथे पोहोचला. मध्यंतरी त्याने १८७५ साली व्हिक्टोरिया सरोवरास होडीने वळसा घालून ते एकच अखंड सरोवर असल्याचे दाखविले. पुढल्या वर्षी टांगानिकाचा फेरा पुरा केला. आणि उत्तरेस वाहणारी लुआलाबा हीच पुढे काँगो होते, हे तिच्या पाण्यावरून समुद्रापर्यंत जाऊन सिद्ध केले. त्याच्या तिघा गोऱ्या सोबत्यांपैकी एकही जिवंत परतला नाही. शेवटल्या प्रपातांची प्रकरणे वाचताना लेखणीचे सामर्थ्य कोणासही मान्य करावे लागेल. परंतु आमच्या प्रश्नाचे उत्तरही याच प्रकरणांत दडलेले आहे, आणि ग्रंथकारास त्याची जाणीव असल्याचे त्याने दिलेल्या नावावरून तरी दिसत नाही.

ते उत्तर समजण्यास आफ्रिकेची घडण ध्यानी घेतली पाहिजे. हे खंड बव्हंशी एक प्राचीन पठार आहे. त्याचा किनारपट्टा पुष्कळ ठिकाणी अरुंद असून त्याच्या आत जमीन एकदम चढत जाते. मराठी वाचकास हे समजावयास फार दूर जाणे नको. कोकणच्या खाडीतून होडीने निघालेला मनुष्य सह्याद्रीच्या पायथ्याशी जसा अडतो, तसाच हा प्रकार होय. हे साम्य केवळ दिसण्यापुरतेही नाही. दख्खन आणि आफ्रिका ही दोन्ही पठारे एकाच पुरातन भूखंडाचे तुकडे आहेत, आणि गोंडांच्या प्रदेशावरून भूगर्भशास्त्रज्ञांनी त्या भूखंडास गोंडवन हे नाव दिले आहे. भेद आहे तो नद्यांचा. आमच्या गोदा-कृष्णा सह्याद्रीकडे पाठ फिरवून पूर्वेस उतरतात; आफ्रिकेच्या मोठ्या नद्या आतल्या सखल भागांत पाणी साठवून, परातीचा काठ फोडून सांडावे त्याप्रमाणे, किनाऱ्याजवळच्या उंच कडांतून खाली पडतात. इतरत्र नदी ही समुद्रावरून आत जाण्याची वाट असते; येथे तिच्या दारालाच कडी घातलेली आहे.

काँगोचे उदाहरण पहा. विषुववृत्त दोनदा ओलांडणाऱ्या या नदीच्या खोऱ्यात वृत्ताच्या उत्तरेस किंवा दक्षिणेस कोठे ना कोठे पाऊस चालूच असतो, म्हणून तिचे पाणी वर्षभर फारसे ओसरत नाही. पाण्याच्या प्रमाणात ॲमेझॉनखालोखाल तिचाच क्रम लागतो. आज जेथे किन्शासा आणि ब्राझाविल ही नगरे समोरासमोर उभी आहेत, तेथून वर किसांगानीपर्यंत हजार मैलांहून अधिक अंतर बोटी चालतात. परंतु तेथून खाली मताडीपर्यंतच्या सुमारे सव्वादोनशे मैलांत ही नदी प्रपातामागून प्रपात घेत सुमारे नऊशे फूट उतरते. पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो काऊँ हा १४८२ साली तिच्या मुखाशी आला, आणि पुढे थोड्याच वर्षांत त्याच्या मंडळींनी सुमारे शंभर मैल आत, येलाला येथील खडकावर आपली नावे कोरली. तेथे वाट खुंटली ती खुंटलीच. १८१६ साली कॅप्टन टकी याची इंग्रजी मोहीम त्याच प्रपातांशी झुंजून ज्वराने उद्ध्वस्त झाली. नदीचे मुख ठाऊक झाल्यापासून तिचा मार्ग यूरोपास कळेपर्यंत ३९५ वर्षे गेली, आणि तीही वरून खाली उतरल्यावर!

हा एकाच नदीचा हट्ट म्हणावा तर इतरांचीही तीच तऱ्हा आहे. झांबेझीच्या मुखातून आगबोट वर नेऊ पाहणारा लिव्हिंग्स्टन १८५८ साली काहोरा बासाच्या खडकांत अडला. नाईल नदीस खार्टूम आणि अस्वान यांच्या दरम्यान सहा प्रपात आहेत, आणि त्यांच्याही वर ‘सद्द’ नावाची पाणगवताने माजलेली अफाट दलदल आहे. नायजरची रीत तर आणखीच विलक्षण. अटलांटिकपासून दीडशे मैलांवर उगम पावून ती समुद्राकडे पाठ करते, सहारेच्या कडेपर्यंत जाते, आणि मग वळसा घेऊन सुमारे छवीसशे मैलांनी त्याच समुद्रास मिळते. त्रिभुज प्रदेशात तिला इतके फाटे फुटतात की, ही सारी एकाच नदीची मुखे आहेत, हे लँडर बंधू १८३० साली प्रवाहाबरोबर खाली आले तेव्हा कोठे सिद्ध झाले.

यावरून उघड होते ते हे की, ज्यास अंधार म्हटले तो किनाऱ्यावर गलबत उभे करून आत पाहणाऱ्याच्या दृष्टीचा अंधार होता. पठारावर राहणाऱ्यास तो नव्हता. स्टॅन्ली ज्या न्यांग्वे गावाहून १८७६ साली नदीने पुढे निघाला, तेथे बाजार भरत होता आणि किनाऱ्याशी व्यापार चालला होता. तेथून पुढल्या वाटेचा काही भाग तर टिप्पू टिप या व्यापाऱ्याच्या सोबतीने त्याने काटला. त्याच्या दोनच वर्षे आधी कॅमरन याने तेथील नदीची उंची मोजली. ती नाईलच्या ज्ञात पात्राहून कमी भरली, तेव्हा ही नाईल नव्हे, काँगोच असली पाहिजे, हे अनुमान त्याने काढले. त्या कॅमरनच्या तांड्यात सिदी मुबारक बॉम्बे हा होता. लहानपणी गुलाम म्हणून हिंदुस्थानात आणलेला आणि आमच्या मुंबईचे नाव घेऊन स्वदेशी परतलेला हा पुरुष स्पीकबरोबर व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत आणि कॅमरनबरोबर अटलांटिकपर्यंत चालला. अशांच्या पायांनी जे खंड ओलांडले गेले, त्यास केवळ ग्रंथकर्त्याच्या देशबांधवांस अज्ञात म्हणून अंधारे म्हणणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

शिवाय अज्ञानापेक्षा खोटे ज्ञान अधिक घातक ठरले. बंगालची मोजणी करून कीर्ती मिळविलेल्या रेनेलसारख्या कसबी नकाशाकाराने १७९८ साली पश्चिम आफ्रिकेत ‘काँग’ नामक पर्वतरांग रेखिली, आणि बिंझे याने १८८७ ते १८८९ च्या प्रवासात ती नसल्याचे दाखवीपर्यंत ती नकाशांत ठाण मांडून होती. उलट, १८४८ साली रेबमान याने किलिमांजारोवरील बर्फ डोळ्यांनी पाहून कळविले, तर लंडनमध्ये बसलेल्या कूली नामक भूगोलवेत्त्याने ते खोटे ठरविले. नसलेला पर्वत नकाशात राहिला आणि असलेले हिम नाकारले गेले. मर्केटरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते. वस्तुतः आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे.

कोणी म्हणेल, ‘अंधारे’ याचा अर्थ केवळ ‘अज्ञात’. एका नावावरून एवढा काथ्याकूट कशास? आमचे उत्तर असे की, नावांस परिणाम असतात. जी जागा अंधारी ती बिनधन्याची, आणि प्रकाश नेणारा तिचा मालक, असा समज त्यातून सहज उपजतो. याच ग्रंथात स्टॅन्लीने काँगोस लिव्हिंग्स्टनचे नाव देऊ पाहिले. ते नदीस चिकटले नाही. पण जे खालचे प्रपात लिव्हिंग्स्टनने कधी पाहिलेही नव्हते, त्यांस ते आजही आहे. पुढे १८७९ ते १८८४ या काळात स्टॅन्लीने बेल्जमचा राजा लिओपोल्ड याच्यासाठी त्याच प्रपातांना वळसा घालणारी वाट बांधली. १८८५ साली सारे खोरे त्या राजाच्या खासगी ताब्यात गेले, आणि १८९८ साली मताडीहून वर जाणारा लोहमार्ग पुरा झाला. दाराची कडी निघाली. आत जे शिरले ते रबर आणि हस्तिदंत यांसाठी चाललेले वेठीचे व जुलमाचे राज्य होते, आणि ते इतके गाजले की १९०८ साली राजास तो प्रदेश सोडावा लागला. खऱ्या अर्थाने अंधारी अशी काही वर्षे त्या खोऱ्याने पाहिली असतील, तर ती हीच होत.

तेव्हा या ग्रंथाविषयी आमचा अभिप्राय असा आहे की, प्रवासाची साक्ष म्हणून तो मोलाचा आहे, आणि त्याचे नाव म्हणजे त्यातील सर्वांत दुबळे विधान आहे. ज्यांना तो मिळेल त्यांनी जमिनीचे उंचसखलपण दाखविणारा आफ्रिकेचा नकाशा शेजारी उघडा ठेवून तो अवश्य वाचावा. प्रत्येक प्रपाताच्या वर्णनापाशी थांबून, ही नदी कोठल्या उंचीवरून येते आणि हा कडा किनाऱ्यापासून किती मैलांवर आहे, हे पाहत जावे. आणि घरातील मुलांनी भूगोल वाचताना ‘अंधारे खंड’ म्हणजे काय असे विचारलेच, तर त्यांच्यापुढे काँगोचे ते सव्वादोनशे मैल आधी ठेवावेत.