दोन फ्रेममधला हात

दादासाहेब फाळके म्हटलं की आपण ‘राजा हरिश्चंद्र’ला नमस्कार करतो आणि पुढे सरकतो. १९१५ साली त्यांनीच ‘आगकाड्यांची मौज’ केली, हे फारसं कुणाच्या गावीही नसतं. काड्या मांडायच्या, एक फ्रेम घ्यायची, काडी तसूभर सरकवायची, पुन्हा एक फ्रेम: हेच स्टॉप-मोशन. त्याआधी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ केली. ती पाहूनच पैसेवाला पुढे आला. आपल्या सिनेमाचा श्रीगणेशा असा फ्रेम मोजत झाला, आणि तरी स्टॉप-मोशनमधला मोठा मराठी चित्रपट सांगा म्हटलं तर चटकन नाव सुचत नाही.

ही कला इथे तगली ती जाहिरातींवर. मुंबईचे ॲनिमेशन दिग्दर्शक सुरेश एरियत यांनी त्यातूनच हात बसवला आणि ‘टोकरी’ केली. वडिलांचं घड्याळ मुलीच्या हातून बिघडतं, ते दुरुस्त करायला ती रस्त्यावर टोपली विकायला उभी राहते. गोष्ट साधी, जराशी भाबडीसुद्धा. पण मुंबईचा रस्ता अस्सल. चौदा-पंधरा मिनिटांच्या या लघुपटाला आठ-एक वर्षं लागली. सेकंदाला बारा पोझ धरल्या तरी हिशेब दहा हजारांच्या घरात जातो. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, कौतुक झालं. एवढा जीव ओतणारे दुसरे किती निघाले?

बाहुल्यांची मात्र आपल्याकडे वानवा नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या आहेत; त्यांच्यातल्या परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पाध्यांचे बोलके बाहुले अर्धवटराव तर घरोघरचे. पण त्या बाहुलीत जीव येतो तो प्रेक्षकांसमोर, हात आणि आवाज एकाच वेळी चालतात म्हणून. स्टॉप-मोशनमध्ये हाताचं काम दोन फ्रेमच्या मधे होतं, कुणाला दिसत नाही. हे अंतर खरं, पण न ओलांडण्याजोगं नाही. चेकोस्लोव्हाकियाचा स्टॉप-मोशन दिग्दर्शक यिर्झी त्रन्का बाहुली-रंगभूमीतूनच आला. त्याच्या बाहुल्यांचे चेहरे हलत नाहीत. प्रकाश आणि मानेचा कोन बदलला की भाव बदलतो. पिंगुळीच्या लाकडी चेहऱ्यालाही हेच जमेल. म्हणूनच आपले ॲनिमेशनचे विद्यार्थी परदेशी स्टुडिओंच्या गोल डोळ्यांच्या नकला काढतात, तेव्हा चिडचिड होते. त्रन्काच्या पाठीशी सरकारी स्टुडिओ होता, हेही खरंच.

स्टॉप-मोशनसाठी इथे जागा आणि कारागीर मिळत नाहीत, ही तक्रार मला तितकीशी पटत नाही. या कामाला महिनोन्‌महिने न हलणारा, अंधारा, स्वस्त गाळा लागतो. तो मुंबईत परवडणार नाही, पण पुण्याजवळ मुळशीत भरे-घोटावड्याकडे बघता येईल. बाहुलीच्या आतल्या सांगाड्याला बॉल-सॉकेटचे सांधे लागतात: हलवला की हलला पाहिजे, सोडला की तिथेच थांबला पाहिजे. जवळच्या पिरंगुटच्या वर्कशॉपांत लेथवर हात बसलेल्या टर्नरला ते अवघड जाऊ नये. फक्त ऑर्डर वीस सांध्यांची असते, आणि पुढची कधी येईल याचा भरवसा नसतो. तेवढ्यासाठी कोण मशिन सेट करेल?