दोरीवरची चाहूल

‘एका कोळियाने’ हे नाव घेतलं की बहुतेकांना आठवतो तो हार न मानणारा म्हातारा. माणूस आणि पराभव यांच्याबद्दलचं त्याचं ते एक वाक्य व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर इतकं फिरलं आहे की पुस्तक न वाचलेल्यांनाही ते पाठ असतं. अर्नेस्ट हेमिंग्वेची ही कादंबरिका १९५२ साली आली आणि १९६५ साली पु. ल. देशपांड्यांनी ती मराठीत आणली. तेव्हापासून आपण ती जिद्दीची गोष्ट म्हणूनच वाचत आलो. मला ती आधी लक्ष देण्याची गोष्ट वाटते. जिद्द फार नंतर येते.

पुरावा हवा असेल तर मासा लागतो तो प्रसंग पुन्हा वाचा. चौऱ्याऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला सांतियागो चार दोर सोडून बसला आहे. त्याच्याकडे आजच्यासारखा रॉड नाही. प्रत्येक दोर त्याने एकेका ओल्या काठीला अडकवला आहे. खाली आमिषाला कुणी तोंड लावलं की काठी वाकेल, एवढीच यंत्रणा. चाळीस, पंचाहत्तर, शंभर आणि सव्वाशे वाव अशा मोजलेल्या खोलीवर आमिषं लटकताहेत. त्यातली एक काठी झुकते. म्हातारा दोर ओढत नाही. तो अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये अलगद धरतो. वजन लागत नाही, ताण लागत नाही. मग एक चाचपडती ओढ येते. तेवढ्यावरून त्याला कळतं की शंभर वाव, म्हणजे सहाशे फूट खाली, एक मार्लिन गळाच्या टोकावरच्या सार्डिन खातो आहे.

पुढची काही पानं फक्त स्पर्शाची आहेत. हलकी ओढ, मग काहीच नाही, पुन्हा नाजूक स्पर्श. म्हातारा माशाची मनधरणी करतो, थांबतो, देवाला साकडं घालतो. जड ओढ लागल्यावरही तो लगेच हिसका देत नाही, उलट दोर सैल सोडतो. दुपारी गळाला लागलेला हा मासा त्याला डोळ्यांनी दिसतो तो थेट दुसऱ्या दिवशी. तोवर माशाबद्दल त्याला जे कळतं, ते सगळं दोरीतून.

जालन्यात समुद्र नाही, पण हा प्रसंग इथल्या वाचकाला परका वाटायचं कारण नाही. अंबड-घनसावंगीकडच्या गोदाकाठी, दुधनेच्या डोहावर किंवा एखाद्या पाझर तलावावर गळ टाकून बसलेला माणूस पाहा. बांबूची काठी, तंगूस, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, आणि पाण्यावर तरंगणारा ज्वारीच्या धाटाचा किंवा जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा. तो तुकडा थरथरतो तेव्हा नवखा माणूस लगेच काठी उचलतो आणि रिकामा गळ वर येतो. जाणता थांबतो. बारके मासे नुसते टोचतात, तुकडा जागच्या जागी नाचवतात. मोठा मासा अनेकदा आमिष तोंडात घेऊन सावकाश सरकतो आणि तुकडा तिरका चालू लागतो. या दोन हालचालींतला फरक सांगून कळत नाही.

जगाच्या दुसऱ्या टोकाला हीच विद्या आणखी बारीक झाली आहे. फिनलंड, कॅनडात हिवाळ्यात तळी गोठतात. लोक बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडतात. थंड पाण्यात माशाचं शरीर मंदावतं, त्यामुळे चावाही इतका हलका असतो की साध्या काठीवर तो उमटतच नाही. म्हणून तिथल्या दोन-अडीच फुटी काठीचं टोक अगदी लवचीक ठेवतात. काही जण टोकाला बारीक स्प्रिंग बसवतात. टोक ताठ असेल तर चावा हरवतो. फारच मऊ असेल तर वाऱ्याची झुळूकही मासा वाटू लागते.

आता पुलंनी दिलेल्या नावाकडे येऊ. मूळ शीर्षकात म्हातारा आहे, समुद्र आहे. मराठी नावात दोन्ही नाहीत. त्याऐवजी पुलंनी जुन्या शालेय कवितेतला कोळी उचलला आणि एका शब्दात मासेमार आणि जाळं विणणारा जीव दोघांना बसवलं. कल्पना देखणी आहे, पण तिची किंमतही आहे. ती कविता आपल्या मनात पडूनही पुन्हा चढणाऱ्या कोळ्याची आहे, चिकाटीच्या धड्याची आहे. त्यामुळे पुस्तक उघडण्याआधीच तात्पर्य हातात पडतं. शिवाय जाळं ही सांतियागोची पद्धतच नाही. इथे मराठवाड्यात मासे धरणारा म्हटलं की आधी भोई आठवतो, त्यामुळे ‘कोळी’ ऐकताना इकडच्या कानाला जाळं विणणारा जीव अधिक जवळचा.

पण तोच जीव नावाला वाचवतोही. जाळं विणून झाल्यावर कोळी काय करतो? धाग्याला पाय लावून बसतो. धागा थरथरला की वारा आहे, कचरा आहे की भक्ष्य, हे त्याला त्या थरथरीवरून कळतं. सांतियागो नेमका तेच करतो. तेव्हा हे नाव मी चिकाटीसाठी नाही, त्या धाग्यावरच्या पायासाठी स्वीकारतो.

या मोजपट्टीने पाहिलं तर खुद्द हेमिंग्वेही सगळीकडे सारखा उतरत नाही. बोटांना काय लागतंय एवढंच तो सांगतो तिथे त्याचं गद्य त्या लवचीक टोकासारखं असतं. म्हातारा सुविचार बोलू लागला की ते ताठ होतं. आणि आपण नेमकी तीच ताठ वाक्यं वेचून फिरवत राहिलो. ‘मासा गळाला लागला’ असं आपण एका दमात म्हणतो. त्या लागण्याआधीच्या चाहुलीसाठी ही पानं सावकाश वाचावी लागतात.

हेमिंग्वेला हे ठाऊक असावं, कारण शेवट त्याने तसाच केला आहे. शार्कनी खाऊन उरलेला अवाढव्य सांगाडा किनाऱ्याशी हेलकावतो आहे. एक पर्यटक बाई तो बघते आणि वेटरला विचारते. काय घडलं ते सांगण्यासाठी वेटर शार्कचं नाव घेतो. तिला वाटतं, हा शार्कचाच सांगाडा, आणि ती त्याच्या सुंदर शेपटीचं कौतुक करते. सहाशे फूट खालचा मासा म्हाताऱ्याने दोन बोटांनी ओळखला होता. तिला तो भर उजेडात, डोळ्यांसमोर असूनही ओळखता आला नाही.